हात कोणाचा

“काका, थांबा! ओतू नका ते!”

मी दचकलो. कपाच्या तळाशी घोटभर चहा उरला होता. तो सिंकमध्ये ओतावा, कप विसळून पालथा ठेवावा, एवढाच माझा बेत होता. दुसऱ्याच्या घरी आपण कुणाला काम लावू नये, अशी माझी समजूत आहे. बाईंच्या लेकीनं माझ्या हातून कप जवळजवळ हिसकावून घेतला आणि मान वळवून बाहेरच्या खोलीत पाहिलं.

“बघत नाहीये ना ती?”

“नाही. खिडकीपाशी बसल्या आहेत.”

“रागावू नका हं. पण सिंकमध्ये पाणी गेल्याचा नुसता आवाज झाला, तरी पुढची सगळी संध्याकाळ मला निस्तरावी लागते. भांडी हल्ली मी न्हाणीघरात घासते. माझ्या वर्गातली चाळीस कार्टी परवडली, पण ही एक आई नको.”

ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. ती शाळेत शिकवते. पन्नाशीला आली आहे, तरी मला ती अजून प्रयोगशाळेच्या दारात दप्तर घेऊन आईची वाट पाहणारी मुलगीच वाटते.

ओट्यावर काचेच्या बरण्या होत्या. दोन-दोनच्या जोड्यांनी मांडलेल्या. सगळ्यांत नुसतं पाणी. प्रत्येक बरणीवर कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बाईंचं ते बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘वरचा थर.’ ‘खालचा थर.’ त्याखाली तारीख. तारखा सगळ्या चुकलेल्या होत्या. आणि शेवटच्या ओळीत, प्रत्येक चिठ्ठीवर, तेच दोन शब्द : ‘हात : माझा.’

“कधीपासून चाललंय हे?” मी विचारलं.

“दोन महिने झाले असतील. दिवस कलला की येते, सिंकपाशी उभी राहते आणि म्हणते, माझ्या हातून गेलं गं. अकरा महिन्यांचं काम गेलं. आणि रडते. माझी आई, काका! बाबा गेले तेव्हा चार लोकांसमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही तिनं. सिंकमध्ये ओतल्याची ती जुनी गोष्ट आहे ना, तीच. पण आई तर ती हसत हसत सांगायची. आता हे काय नवीन?”

माझ्या पिशवीत बाईंच्या गौरवपुस्तिकेचं मुद्रित होतं. पुढच्या आठवड्यात संस्थेत त्यांचा सत्कार होता. बाईंना ऐंशीवं वर्ष लागलं होतं आणि त्या ज्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं राबल्या, तिच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. पुस्तिका मी करावी असं ठरलं, कारण मी संस्थेचा निवृत्त ग्रंथपाल. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि ग्रंथपालाला शुद्धलेखन येतं, असं लोक धरून चालतात.

बाहेरच्या खोलीत गेलो, तर बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“आलात? पाना आणलाय का?”

“पाना?”

“म्हणजे काय, हातानं खोलणार? सिंकखालचा वाकडा पाईप खोलायचाय. त्यात थोडं तरी अडकून राहिलं असेल. बादली नीट धरा. मागच्या वेळेस त्या मुलानं निम्मं सांडलं.”

तो मुलगा मीच. पण ते त्या क्षणी कसं सांगणार?

“बाई, मी नळवाला नाही. मी पुस्तकी.”

बाईंनी डोळे बारीक केले. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख हळूहळू आली.

“पुस्तकी होय? मग राहू दे. तुला नाही जमायचं.”

मी हसलो. बाईंनी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला असं एक नाव ठेवलं होतं. संस्थेचे आजचे संचालक बाईंच्या लेखी ‘घाई’. घाई म्हटलं की ते भर बैठकीतसुद्धा लहान मुलासारखे लाजायचे.

मुद्रिताचे कागद हातात दिले तशा बाई ताठ बसल्या. छापील कागद आणि पेन्सिल समोर आली की त्यांच्यातलं काहीतरी अजून जागं होतं. पहिल्या पानावर विद्यार्थ्यांची यादी होती. त्या एकेका नावावर पेन्सिलीचं टोक टेकवत खाली आल्या.

“एकतीस. बत्तीस पाहिजेत.”

“एकतीसच आहेत, बाई. मी तीनदा मोजलेत.”

“पुस्तकी कुठाय?”

“त्यानं प्रबंध पुरा केला नाही.”

“मी प्रबंध विचारला का? माझ्या टेबलावर कोणाकोणाचे हात चालले ते विचारलं.” आणि त्यांनी यादीच्या डोक्यावर, पहिल्या नावाच्याही वर, थरथरत्या रेषेनं लिहिलं : पुस्तकी.

मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. त्या पानावर ‘बाई आणि सिंकमध्ये गेलेला रेणू’ असा मजकूर होता. तो मीच लिहिला होता, संचालकांनी सांगितलं म्हणून. बाईंची पेन्सिल मध्येच थांबली. त्यांनी तो परिच्छेद परत वाचला.

“हे बरोबर लिहिलंयस,” त्या म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. “अकरा महिने, रे. पोरानं रात्रंदिवस राबून केलेलं काम. एका क्षणात.”

“बाई, ते तसं झालं नव्हतं.”

“मला सांगतोस? माझे हात मला माहीत नाहीत?”

मी परत चष्मा काढला. मी असाच माणूस आहे. आयुष्यात जिथे जिथे बोलायला हवं होतं, तिथे तिथे मी चष्मा पुसत बसलो.

खरं काय झालं होतं ते आता सांगायला हवं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी मी बाईंचा पहिला विद्यार्थी होतो. समुद्रतळाच्या एका शेवाळात सापडलेला एक रेणू आम्ही प्रयोगशाळेत घडवत होतो. साध्या, बाजारात मिळणाऱ्या रसायनापासून सुरुवात करायची आणि एकेक तुकडा जोडत बावीस पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं वाया जातं. बादलीभर घेऊन निघावं आणि शेवटी चमचाभर उरावं, असा तो प्रवास. आम्ही सतराव्या पायरीवर होतो. हाती पावणेदोन ग्रॅम होतं. त्यामागे बाईंचे आणि माझे मिळून अकरा महिने होते. परदेशातल्या दोन प्रयोगशाळा त्याच रेणूच्या मागे आहेत, हे आम्हाला माहीत होतं.

बाईंच्या प्रयोगशाळेत नियम फार नव्हते. एक मात्र होता. तेल आणि पाणी वेगळं होतं तसे काचेच्या फनेलमध्ये दोन थर होतात. एकात आपलं रसायन असतं, दुसरा फेकायचा असतो. बाई म्हणायच्या, स्फटिक हातात येईपर्यंत काहीही फेकायचं नाही. दोन्ही थर टेबलावर ठेवायचे, चिठ्ठी लावून. वरचा की खालचा, तारीख काय आणि हात कोणाचा. ‘हात’ या ओळीवर त्यांचा कटाक्ष होता. चांगलं निघालं तर श्रेय कोणाचं आणि बिघडलं तर विचारायचं कोणाला, ते त्यावरून कळायचं.

सोळा पायऱ्या आम्ही पाण्यातून रसायन वेगळं काढायला ईथर वापरलं होतं. ईथर हलकं, पाण्यावर तरंगतं. आपला माल वरच्या थरात, खालचं पाणी बरणीत सोडायचं. हाताला सवय झाली होती. त्या दिवशी ईथर संपलं होतं आणि बाईंनी सकाळीच सांगितलं होतं, “आज क्लोरोफॉर्म घे. लक्षात ठेव, ते जड असतं. माल खाली जाईल.” मी मान डोलावली होती.

दुपारी मी फनेल हलवून स्टँडवर लावला, थर वेगळे व्हायची वाट पाहत उभा राहिलो, आणि डाव्या हातात कादंबरी होती. उरलेली चाळीस पानं. नायिकेनं त्याला माफ केलं की नाही, एवढंच कळायचं बाकी होतं. उजव्या हातानं मी तोटी उघडली, खालचा थर बरणीत न धरता सरळ सिंकमध्ये सोडला आणि वर नळ चालू केला. पान उलटलं. मग वरच्या थरात, पाणी शोषून घ्यायला घालतात ते कोरडं मीठ घातलं. ते मीठ फुगलं, त्याचे गोळे झाले आणि सगळं चिखलासारखं झालं. मी आणखी मीठ घातलं. मग मला कळलं की ते सगळं पाणीच आहे.

नळ अजून चालू होता.

बाई आल्या तेव्हा मी सिंकपाशी उभा होतो. त्यांनी फनेल पाहिला, मिठाचा चिखल पाहिला, उघडी कादंबरी पाहिली. नळ बंद केला. पाना आणला, जमिनीवर गुडघे टेकले आणि सिंकखालचा वाकडा पाईप खोलायला लागल्या. मी बादली धरली. ती नीट धरता आली नाही, निम्मं काळं पाणी माझ्या पायांवर सांडलं. रात्रीपर्यंत आम्ही ते पाणी गाळलं, क्लोरोफॉर्मनं धुतलं, आटवलं. तळाशी डांबराचा एक डाग उरला. बस.

निघताना बाईंनी माझी कादंबरी उचलली, गाळणकागदाची एक पट्टी फाडून मी जिथे होतो त्या पानात घातली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. ती कादंबरी मी पुढे कधीच उघडली नाही.

पंधरा दिवसांनी आढावा समितीची बैठक होती. काम का थांबलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मी उभा राहणार होतो. खरंच राहणार होतो. निदान मला तसं आठवतं. माझ्या आधी बाई म्हणाल्या, “माझ्या हातून थर चुकीचा ओतला गेला.” कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “बाईसाहेब, स्वयंपाकघरात आहात असं वाटलं का?” बाईंनी तेही ऐकून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात मी म्हणालो, “बाई, हे बरोबर नाही.”

“तुझं अजून काही सुरूच झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नावावर हे लागलं, तर पुढे कोणी तुला टेबल देणार नाही. मला काय होतंय? फार तर हसतील.”

फक्त हसण्यावर निभावलं नाही. बाई चौदाव्या पायरीपर्यंत परत चढून आल्या, तोवर परदेशातल्यांनी तो रेणू करून छापलासुद्धा. प्राध्यापकाची जागा बाईंपेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या गृहस्थांना मिळाली. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘हाताळणीत निष्काळजी.’ पुढची सव्वीस वर्षं बाई त्या शेऱ्याखाली काम करत राहिल्या.

आणि मी? ज्याच्यासाठी बाईंनी हे सगळं केलं, त्या मला परत फनेल उचलताच आला नाही. चार महिन्यांत मी प्रबंध सोडला. बाईंनी माझ्यासाठी ग्रंथालयात शब्द टाकला. “तिथे जा,” म्हणाल्या, “तिथे ओतण्यासारखं काही नाही.” म्हणजे बाईंनी जे वाचवलं, ते वाचलंच नाही. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

बाईंनी मात्र त्यातूनही काहीतरी घडवलं. नवीन आलेल्या पोरानं काही जाळलं, सांडलं, फोडलं आणि तोंड लपवून बसलं, की बाई त्याच्या शेजारी स्टूल ओढायच्या. “किती दिवसांचं गेलं?” “तीन आठवड्यांचं, बाई.” “हात्तिच्या! मी अकरा महिन्यांचं सिंकमध्ये ओतलंय. जा, चहा पी आणि पहिल्या पायरीपासून सुरू कर.” एकतीस जणांनी ते वाक्य ऐकलं. एकतीस जण टिकले. ग्रंथालयात माझ्यासमोर बसून ते एकमेकांना ही गोष्ट सांगायचे आणि हसायचे. मी त्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारायचो.

बाईंच्या घरून निघालो तो थेट संचालकांकडे गेलो.

“तो सिंकचा मजकूर पुस्तिकेतून काढावा म्हणतो.”

“काय बोलताय, ग्रंथपालसाहेब? तोच तर जीव आहे पुस्तिकेचा! मी स्वतः भाषणात सांगणार आहे.”

“बाईंना त्याचा त्रास होतोय. आणि समजा, ती गोष्ट खरी नसली तर?”

ते खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे मायेनं पाहिलं. म्हाताऱ्यांकडे पाहतात तसं.

“बाईंनी स्वतः सांगितलीय मला. माझा राजीनामा खिशात होता त्या दिवशी. बाई खोटं बोलतील?”

यावरचं उत्तर मला जिन्यात सुचलं, पण तेव्हा मी खाली येत होतो.

सत्काराच्या दिवशी बाईंनी पांढरा कोट घालायचा हट्ट धरला. लेकीनं तो इस्त्री करून दिला होता. बाहीवर पिवळा डाग होता, तो निघण्यातला नव्हता. दारावरच्या पाटीवरचा पडदा बाजूला झाला तेव्हा बाई पुढे वाकल्या, आपलं नाव वाचलं आणि विचारलं, “ही बाई कुठे बसते?” सगळे हसले. बाई अशीच थट्टा करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. लेक तेवढी हसली नाही.

व्याख्यानगृहात बाई पहिल्या रांगेत बसल्या. मी शेवटच्या. संचालक बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, घाई केली नाही. आपण महिन्याचं काम कसं जाळलं, खिशात राजीनामा घेऊन बाईंपुढे कसे उभे राहिलो, आणि मग ते वाक्य. “मी अकरा महिन्यांचं सिंकमध्ये ओतलंय. जा, चहा पी आणि पहिल्या पायरीपासून सुरू कर!” अर्ध्या सभागृहानं ते वाक्य त्यांच्याबरोबर म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला मागून बाईंचे खांदे हलताना दिसले. त्या उठल्या. लोकांना वाटलं, बोलायला निघाल्या, टाळ्या वाढल्या. रसायनशास्त्राच्या त्या जुन्या व्याख्यानगृहात समोर प्रयोग दाखवायचं लांब टेबल आहे आणि त्याच्या टोकाला एक सिंक आहे. बाई तिथे जाऊन थांबल्या. दोन्ही हातांनी कड धरली आणि आत वाकून पाहिलं.

“गेलं,” त्या म्हणाल्या. जवळच्या माइकनं तो शब्द साऱ्या सभागृहात नेला. “माझ्या हातून गेलं. कोणीतरी पाना आणा रे.”

टाळ्या थांबल्या. लेक उठून धावली.

मी कधी उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“बाईंनी ओतलं नाही ते. मी ओतलं. ईथर नव्हतं, क्लोरोफॉर्म होतं. माल खालच्या थरात होता. मी कादंबरी वाचत होतो. बाई त्या खोलीतसुद्धा नव्हत्या.”

कोणीतरी खोकलं. दोनशे माना माझ्याकडे वळल्या. बाईंनीही मान वर केली. लांबून, पण अगदी नेमकं माझ्याकडे पाहिलं.

“पुस्तकी, खाली बस,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांत सभेत कधी तोंड उघडलं नाहीस. आज उघडलंस, तेही खोटं बोलायला?”

सभागृह हसलं. सुटल्यासारखं, प्रेमानं हसलं. संचालकांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, “बघा! बाईंनी कशी माणसं घडवली. बाईंची चूकसुद्धा अंगावर घ्यायला तयार!” आणि पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळेस माझ्यासाठी. आयुष्यात मला मिळालेल्या टाळ्या त्या एवढ्याच.

बाईंचा आजार बोलला, की बाई बोलल्या, हे मला कळलं नाही. आता कळणारही नाही.

परतताना गाडी लेक चालवत होती. बाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या, मांडीवर शाल-श्रीफळ नव्हे, तर विद्यार्थ्यांनी दिलेला एक नवाकोरा काचेचा फनेल घेऊन. दोन चौक गेल्यावर लेक समोर पाहतच म्हणाली,

“काका, खरं काय?”

“मी सांगितलं तेच.”

तिनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“तुम्हाला माहितीये, आमच्या घरी काय चालायचं? बाबा म्हणायचे, एवढी हुशार बाई आणि एवढी वेंधळी. आई दूध गाळायला लागली की मी ओरडायचे, आई, नीट, सिंकमध्ये ओतशील! आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची.” तिनं वळून मागच्या सीटकडे पाहिलं. “घरीसुद्धा सांगितलं नाही हो तिनं. बाबा गेले ते तसंच समजून गेले. आणि तुम्ही? तुम्ही एकेचाळीस वर्षं पुस्तकांना शिक्के मारत बसलात?”

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं गाडी सुरू केली.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. मी दारातूनच निघणार होतो, पण बाई कोट न काढता तडक स्वयंपाकघरात गेल्या. नवा फनेल ओट्यावर ठेवला. दोन बरण्या घेतल्या, पाणी भरलं, चिठ्ठ्या लिहायला बसल्या. ‘वरचा थर.’ ‘खालचा थर.’ तारीख. मग पेन्सिल थांबली आणि डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. लेक भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही आणि मायेनंही नाही.

मी बाईंच्या शेजारी स्टूल ओढलं.

“बाई, द्या. मी लिहितो.”

त्यांच्या बोटांतून पेन्सिल घेतली आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ लिहिली. ‘हात : पुस्तकी.’ माझं अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नाही. बाईंनी चिठ्ठ्या डोळ्यांजवळ नेल्या. कोणाचीही चिठ्ठी त्या अशाच वाचायच्या, चूक शोधत.

“हात तुझा होता?”

“हो, बाई.”

“नक्की?”

“नक्की. मी वाचत होतो.”

बाईंनी कोटाच्या बाहीनं आपले डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“किती दिवसांचं गेलं?”

“अकरा महिन्यांचं.”

“हात्तिच्या! मग रडतोस काय? जा, चहा पी आणि पहिल्या पायरीपासून सुरू कर.”

त्या उठल्या, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. त्या संध्याकाळी त्या परत स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर नवी जोडी होती आणि चिठ्ठ्यांवर ‘हात : माझा.’ मी ‘माझा’ खोडून ‘पुस्तकी’ लिहिलं. बाईंनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. आता मी रोज जातो. बाईंना प्रत्येक वेळेस ते पहिल्यांदा कळतं. कधी कधी त्यांना मीही पहिल्यांदाच भेटतो, आणि तरी त्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून त्याला चहा प्यायला पाठवतात.

लेक चहा ठेवते. परवा ती कप घेऊन आली, ओट्याकडे पाहत थोडा वेळ थांबली. बरण्यांना आता जागा पुरत नाही; काही खिडकीच्या कट्ट्यावर गेल्या आहेत.

“काका, ही जुनी तरी ओतून टाकू का? न्हाणीघरात ओतते, तिला कळणार नाही. पाणीच आहे सगळं.”

“नको,” मी म्हणालो. “दोन्ही थर राहू देत.”

तिनं फडक्यानं दोन बरण्यांवरची धूळ पुसली आणि चिठ्ठ्या समोरून वाचता येतील अशा वळवून ठेवल्या.